आयोडीनच्या डोसनंतर रक्ताकडेही बघा

संपादक महोदय,
थायरॉईड कॅन्सरला रेडिओ-आयोडीन (किरणं सोडणारं आयोडीन-१३१) देतात तेव्हा सगळं लक्ष त्या वेगळ्या खोलीवर असतं, भांडी वेगळी ठेवा, लहान मुलांपासून लांब राहा, आणि ते बरोबरच आहे कारण त्या आयोडीन-१३१ चं रेडिएशन निम्मं व्हायलाच ८ दिवस लागतात. पण माझ्या बहिणीच्या वेळी रक्ताबद्दल कुणी काही बोललंच नाही. डोसच्या आधी तिची थायरॉक्सिनची (थायरॉईड हार्मोनची) गोळी ४ आठवडे बंद होती, टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) ३० च्या वर जावा म्हणून, त्या दिवसांत माणूस पार सुस्तावतो, कोलेस्टेरॉल वाढतं, रक्ताच्या घट्टपणातही फरक पडू शकतो. मग डोस. तो रक्तातूनच फिरतो म्हणून बोनमॅरोलाही (हाडांतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजालाही) थोडं रेडिएशन बसतं, पांढऱ्या पेशी अन् प्लेटलेट काही आठवडे उतरू शकतात, बहुतेकांच्या आपोआप भरून येतात. रक्त कसं वाहतं ते लाल पेशींचं प्रमाण, त्यांची लवचिकता, फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) यावर ठरतं, हे मला पुढे वाचून कळलं. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, काही महाग नसतो हो! तो कधी करायचा, गोळी परत कधी सुरू करायची, एवढं डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या. बहिणीला ते दवाखान्याच्या तिसऱ्या फेरीत समजलं.
– एक वाचक, सातारा