सौरवादळाचा आकडा रोज छापा

महोदय,

‘सौरवादळ पृथ्वीवर धडकणार, मोबाइल ठप्प होणार’ या धाटणीची बातमी अधूनमधून वाचायला मिळते. दुसऱ्या दिवशी मोबाइल सुरूच असतो आणि वादळाचे पुढे काय झाले, याची ओळभरही दखल कुठे नसते.

सूर्याकडून आलेल्या भारित कणांच्या झोताने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हलते, तेच सौरवादळ. वास्तविक या हालचालीच्या नोंदी रोज होतात आणि त्यात महाराष्ट्र जुना जाणता आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकीय मोजमाप सुरू झाले. सप्टेंबर १८५९ च्या महावादळात तिथे चुंबकीय क्षेत्राची क्षैतिज (आडव्या दिशेतली) तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे ती मोजण्याचे एकक) कोसळल्याची नोंद आहे. जगभरचे अभ्यासक आजही ती उकरून काढतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर मोजमापात व्यत्यय नको म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले. लोखंड टाळून बांधलेल्या त्या वास्तूत ते अजून चालते. किल्ला पाहून परतणाऱ्या पर्यटकांच्या ते गावीही नसते, हा भाग वेगळा!

मार्च १९८९ मध्ये सौरवादळाने वीजपुरवठा कोलमडून कॅनडातले क्यूबेक अंधारात बुडाले, तसे आपल्याकडे होण्याची भीती त्या मानाने कमी. आपण ध्रुवांपासून लांब आहोत. आपला त्रास निराळा आहे. वादळात आयनांबर, म्हणजे वातावरणाचा विद्युतभारित वरचा थर, ढवळून निघते, उपग्रहाचा संदेश त्यातूनच खाली येतो आणि जीपीएसचे स्थान सरकते. हल्ली जमिनीची मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या संदेशावर चालणाऱ्या यंत्राने होते. मोजणीदार बांधावर उभा, शेतकरी आणि शेजारी दोघे हजर, आणि यंत्र ‘फिक्स’ (अचूक स्थान) घेत नाही. दर वेळी दोष सूर्याचाच असेल असे नाही, पण त्या दिवशीचा वादळाचा निर्देशांक हाताशी असला तर निदान पडताळता येईल.

म्हणून विनंती अशी की, हवामानाच्या चौकटीत भरती-ओहोटीच्या वेळांखाली दोन ओळी द्याव्यात: सूर्यावरील डागांची संख्या आणि आदल्या दिवशीचा केपी निर्देशांक, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती ढवळले याचा आकडा. तो शून्य ते नऊ असतो. पाच किंवा त्याहून वर गेला की वादळ. मे २०२४ मध्ये तो नऊला टेकला होता, लडाखमध्ये हानले येथे आकाश तांबडे झाले होते. असा दिवस आला की मोठी बातमी जरूर करा, पण अलिबागची वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था पनवेललाच आहे. अलिबागचा आलेख तिच्याकडून मागवून शेजारी छापा.

– एक वाचक, अलिबाग