जुना ट्रेलर घेताना रंगाला भुलू नका

संपादक महोदय,

जुन्या ट्रेलर-ट्रकच्या जाहिरातीत किलोमीटर आणि नवा रंग सोडून काहीच नसतं. मालकाने इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर सरळ सांगा, गार झाल्यावर येतो, कारण खरी तब्येत पहिल्या स्टार्टलाच कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत जात असू शकतं. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढा, भसाभसा वाफ आली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्यायचा, मग मालक काहीही सांगो.

नुसते किलोमीटर बघू नका, इंजिनचे तास पण काढायला लावा, उभ्या उभ्या चाललेलं इंजिनही झिजतंच ना! चेसीवर ताजा रंग दिसला की खाली वाकून वेल्डिंग शोधा. फिफ्थ व्हीलचे, म्हणजे ट्रेलर जिथे ट्रकला अडकतो त्या जोडाचे, जबडे झिजलेत का तेही बघा. टायरवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे 4 आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 चा 23वा आठवडा. आणि ब्रेकच्या टाकीत हवा पूर्ण भरून इंजिन बंद करा, ब्रेक दाबून धरा, हवेच्या दाबाचा काटा घसरत राहिला तर कुठेतरी लीक आहे, ते काढून मिळाल्याशिवाय टेस्ट ड्राइव्हला पण जाऊ नका.

– एक ट्रकवाला वाचक