'कल' म्हणजे काल की उद्या?

संपादक साहेब,
चाकण एमआयडीसीत आमच्या शॉपफ्लोअरवर बिहार, ओडिशा, तमिळनाडू सगळीकडची पोरं आहेत, आणि मोडकीतोडकी हिंदी आली की भागलं असं सगळेच धरून चालतात. परवा विचारलं, डाय (प्रेस मशीनचा साचा) का पॉलिश कब? पोरगा म्हणाला 'कल', मला वाटलं काल झालं, डाय सरळ प्रेसवर चढवली, अख्खा लॉट रिजेक्ट! हिंदीत काल आणि उद्या दोन्हीला 'कल'च, शाळेत शिकलोय की, पण प्रेसच्या आवाजात कुणाला आठवतंय. आता बोर्डावर तारीख लिहितो, 14 म्हणजे 14.
आणि ते एचआरवाले, सेफ्टीच्या सूचना नुसत्या इंग्रजीत, वाचतं कोण (मी पण नाही). चित्रं लावा, खाली ओडिया-तमिळमध्ये दोन ओळी टाका, पोरंच लिहून देतील चहाच्या सुट्टीत.
– एक सुपरवायझर, भोसरी, पुणे