सायकल ट्रॅकवर सायकल शिरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला सायकल ट्रॅकवरचा लेख वाचला. दोन तासांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सायकली दिसल्या, म्हणजे ‘पुणेकरांनाच सायकल नको आहे’, हे वाचता वाचता चहा गार झाला. आपले प्रतिनिधी भर उन्हात दोन तास उभे राहिले, त्याचं कौतुकच आहे. ट्रॅकच्या तोंडाशी जरा वाकून बघितलं असतं तर मात्र तेवढं उभं राहावं लागलं नसतं.

आमच्याकडे, सातारा रस्त्यावर, दुचाक्या शिरू नयेत म्हणून ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले आहेत. गेल्या महिन्यात कॅरिअरला दळणाचा डबा बांधून मी बेताबेतानं आत शिरत होतो. डावी मूठ खांबाला अडली, पुढचं चाक गर्रकन फिरलं आणि मी एकीकडे, पाच किलो ज्वारीचं पीठ दुसरीकडे. कोपऱ्यावरच्या गजरेवाल्या बाईंनी डबा उचलून दिला आणि म्हणाल्या, ‘काका, ट्रॅकवरनं कशाला जाता? रस्त्यावरनं जायचं की!’ सबंध शहरातला वाहतुकीचा हा एकमेव व्यवहार्य सल्ला मला आजवर मिळालेला आहे.

माझी नोकरी प्रयोगशाळेतली उपकरणं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे न मोजता तक्रार करायची सवय नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. दोन खांबांमधली फट २० इंच. माझ्या सायकलचं हँडल साडेबावीस. सायकल जुनी आहे, पण हँडल काही वयानुसार फुगत नाही. दुचाक्यांचं म्हणाल तर त्या दहा पावलं पुढे, फरसबंदी खचली आहे तिथून सुखरूप चढतात आणि मागून हॉर्नही देतात.

फोटो आणि मापं जोडून रीतसर तक्रार केली. आठवड्याभरात मोबाइलवर निरोप आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ धावत जाऊन बघतो तर खांबांना काळा-पिवळा रंग दिलेला. फट २० इंचच. रंगाच्या थराचं धरलं तर किंचित कमीच.

विहिरीवर झाकण घालायचं आणि पाणी भरायला कोणी येत नाही म्हणायचं, असली ही मोजणी आहे. ‘वाहनं नव्हे, माणसं हलवा’ हे केंद्राच्या २००६ च्या नागरी वाहतूक धोरणातलं वाक्य. त्याच वर्षी याच रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, आली. महापालिकेच्या सभेनं सायकल आराखडा मंजूर केला २०१७ साली. भाड्याच्या पिवळ्या-केशरी सायकलीही त्याच सुमाराला आल्या आणि गेल्याही. कागदांची वाण कधीच नव्हती.

आता लेखाशेजारची चौकट. ‘संशोधन सांगते’ म्हणून सायकलवाल्यांना हेल्मेटसक्ती करा, असं त्यात आहे. कोणतं संशोधन, कोणाचं, कधीचं, पत्ता नाही. इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठाचे इयन वॉकर सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून स्वतः रस्त्यावर उतरले होते. २००७ साली ते छापून आलं. मागून येऊन त्यांना ओलांडून जाणाऱ्या दोन हजारांहून जास्त वाहनांची नोंद आहे. हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटीमीटर अधिक जवळून गेल्या. मागून बाई वाटावी म्हणून लांब केसांचा टोप चढवला तेव्हा सुमारे चौदा सेंटीमीटर अधिक लांबून! प्रयोगाच्या काळात त्यांना एकदा बसनं आणि एकदा ट्रकनं ठोकलं, दोन्ही वेळा डोक्यावर हेल्मेट होतं. पुढे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून हेल्मेटच्या निष्कर्षावर शंका घेतली. शंका घेता आली, कारण आकडे समोर होते. आपल्या चौकटीवर कोणी कशी शंका घ्यावी? हेल्मेट वाईट असं माझं म्हणणं नाही. माझ्या डोक्याची आपल्याला काळजी आहे, आभारी आहे. मी आपटलो तेव्हा फुटलं ते कोपर.

आणि फोटो? लेख पुण्यावर आणि फोटोत तांबडा, गुळगुळीत, नेदरलँड्सचा ट्रॅक. छायाचित्रकारालाही आत शिरता आलं नाही की काय?

पुन्हा मोजणी करायची असेल तर जरूर कळवा. सायकल माझी देतो. प्रतिनिधींनी फक्त त्या खांबांमधून एकदा आत शिरून दाखवावं, न उतरता. डबा रिकामा ठेवीन.

आपला,
एक वर्गणीदार, बिबवेवाडी

ता. क. मंगळवारच्या शब्दकोड्यात ‘सायकलचा भाग’ याला घरं तीन दिली होती. बुधवारी उत्तर छापलंत ‘पायडल’. तीन घरांत ते कसं बसवायचं?