पडदा जुना चालेल, पण आधी त्याची पाठ वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकासाठी नवा मॉनिटर घ्यायचा आणि बंद पडलेला लॅपटॉप भंगारात द्यायचा, हा उलटा व्यवहार आहे. मदरबोर्ड गेला तरी पॅनल, म्हणजे आतला पडदा, बहुधा शाबूत असते. लॅपटॉपच्या एचडीएमआय खाचेत पायची केबल खोचून मात्र काही दिसणार नाही. ती खाच चित्र बाहेर देते, आत घेत नाही. पॅनल सोडवून त्याला कंट्रोलर बोर्ड (एचडीएमआयचे चित्र पॅनलला समजेल असे करून देणारी पट्टी), जुळणारी केबल आणि साधारण १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर जोडावा लागतो.

खरी गफलत बोर्ड मागवताना होते. '१५.६ इंच' एवढे सांगून भागत नाही. पॅनलच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, उतरवून घ्यावा आणि त्याची डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक, पाहावी. नुसत्या पिना मोजणे फसवे आहे: एलव्हीडीएस आणि ईडीपी या पॅनलला चित्र पोहोचवण्याच्या दोन पद्धती; जुन्या एलव्हीडीएस पॅनलला ३० पिना असू शकतात आणि नव्या ईडीपीलाही ३०च, पण दोन्हींचे बोर्ड वेगळे. बोर्डवरचा व्होल्टेज निवडायचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) लॅपटॉप पॅनलसाठी बहुतेक वेळा ३.३ व्होल्टवर लागतो. तो ५ किंवा १२ वर राहिला, तर पॅनल कायमचे जाते. वीज देण्याआधी हे मल्टिमीटरने तपासावे.

पडदा नुसता पांढरा दिसला, तर आधी केबल नीट बसली आहे का पाहा. रंग विचित्र आले, तर रंगांसाठीची ६ बिट-८ बिटची निवड किंवा फर्मवेअर (बोर्डमधला प्रोग्रॅम) चुकलेले असते. टॉर्च मारल्यावर अंधुक चित्र दिसले, तर पॅनल ठीक, बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) बंद. त्यातही जुन्या ट्यूबवाल्या पॅनलच्या इन्व्हर्टरवर (ट्यूब पेटवणाऱ्या पट्टीवर) शेकडो व्होल्ट असतात, आणि ट्यूबमध्ये पारा. नवशिक्यांनी एलईडीवालेच घ्यावे.

मोबाइलच्या सुट्या पडद्यामागे लागू नये. त्याची डेटाशीट सहसा मिळतच नाही. जुना टॅबलेट चालू असेल, तर तो न उघडता ब्राउझर किंवा व्हीएनसीने (दुसऱ्या संगणकाचा पडदा नेटवर्कवरून दाखवणाऱ्या ॲपने) वापरावा. फुगलेली बॅटरी दिसली तर तोही नको. चार ओळींचे तापमान दाखवायचे असेल, तर हा सगळा खटाटोप कशाला? जुन्या यंत्रातला एचडी४४७८० या नियंत्रक चिपच्या जातीचा अक्षरी डिस्प्ले पुरतो. तो ५ व्होल्टवर चालवताना आरडब्ल्यू (वाचायचे की लिहायचे ठरवणारी) पिन ग्राउंडला बांधावी, नाहीतर ५ व्होल्ट उलटे येऊन पायच्या ३.३ व्होल्टच्या पिना जळू शकतात. आणि नुसते चौकोन दिसू लागले म्हणून तो टाकून देऊ नये. वीज पोहोचली आहे, सुरुवातीच्या सूचना पोहोचलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

– एक वाचक