गृहमंत्री महोदय, या बायकांवर रोखलेले मोबाइल आवरा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

यूट्यूबवर ‘बुधवार पेठ’, म्हणजे पुण्यातल्या देहविक्रीच्या वस्तीचं नाव, एवढंच टाकून पाहा. खिशात मोबाइल अर्धवट लपवून, गल्लीतून चालता चालता काढलेले व्हिडिओ पुढ्यात येतील. दारात उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे त्यात स्पष्ट दिसतात. खाली प्रतिक्रियांत लोक दर विचारतात.

इथली बाई बहुतेकदा गावी वेगळंच काही सांगून आलेली असते. कुणी कंपनीत पॅकिंगला आहे, कुणी धुणीभांडी करते. दरमहा पैसे जातात, लेकरं आजीकडे शिकतात, दिवाळीला ती माहेरी जाऊन येते. गाव आणि पेठ एकमेकांपासून लांब होती, म्हणून हे निभत होतं. आता भाच्याच्या फोनवर एक रिल आली की माहेर तुटतं, मुलीची ठरलेली सोयरीक मोडते. बदनामी पूर्वीही होतीच, पण तेव्हा बाई निदान दुसऱ्या शहरात जाऊन नव्यानं उभी राहू शकत होती.

टाळेबंदीपासून पुष्कळजणींचा धंदा फोनवर आला. गिऱ्हाईक व्हिडिओ कॉल गुपचूप रेकॉर्ड करतं आणि मग पैसे मागत राहतं. तक्रार द्यायला बाई पोलीस ठाण्यात गेली, तर धमकी देणारा बाजूला राहतो आणि चौकशी तिच्या धंद्याची होते. साहेब, सज्ञान बाईनं स्वेच्छेनं हा व्यवसाय करणं 1956च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2020मध्ये तीन महिलांना सुधारगृहातून सोडताना हे स्पष्ट सांगितलं होतं.

पुढे 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले: छाप्यात किंवा सुटकेच्या कारवाईत या महिलांची ओळख, फोटो उघड करू नयेत, आणि त्यांनी तक्रार दिली तर पोलिसांनी भेदभाव करू नये. तरीही छाप्यानंतर ओढणीत तोंड लपवून बसलेल्या बायकांची दृश्यं बातम्यांत फिरतातच. जिला पीडित म्हणून सोडवलं, तिचंच तोंड जगाला दाखवायचं, ही कसली सुटका? मला याचा मनस्वी संताप येतो.

आपण लेखी परिपत्रक काढा. छाप्याचं एकही छायाचित्र पोलिसांकडून बाहेर जाता कामा नये, अगदी पोलिसांच्या स्वतःच्या समाजमाध्यम खात्यांवरही नको. लपून केलेल्या चित्रीकरणाची तक्रार धंद्याची चौकशी न करता नोंदवून घ्यावी. चेहरे दाखवणारे जुने व्हिडिओ हटवायला सायबर पोलिसांनी स्वतःहून कंपन्यांना नोटिसा धाडाव्यात. सुरुवात फरासखाना, नागपाडा आणि लकडगंज ठाण्यांपासून करा. पुण्याची बुधवार पेठ, मुंबईचा कामाठीपुरा आणि नागपूरची गंगा-जमुना या वस्त्या अनुक्रमे त्यांच्याच हद्दीत येतात. आणि ते परिपत्रक वस्तीत मराठी, हिंदी, कन्नड, बंगालीत मोठ्यानं वाचून दाखवा, कारण कितीतरी जणींना वाचता येत नाही.

आपली,
वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती, पुणे