पोर्ट आणि अचूक वेळ नसेल, तर गाणे चोरणारे घर सापडत नाही

मा. केंद्रीय दळणवळणमंत्री यांस,

सविनय नमस्कार.

गाण्यांची बेकायदा देवाणघेवाण थांबायलाच हवी. पण ती करणारा शोधून त्याची जोडणी तोडण्याचे काम इंटरनेट पुरवठादारावर टाकण्यापूर्वी, आम्हा छोट्या पुरवठादारांच्या यंत्रावर नेमके काय दिसते ते पाहावे.

टॉरेंटवर (लोक एकमेकांकडून थेट फाइल घेतात ती पद्धत) तक्रारदाराला घराचे नाव दिसत नाही; दिसतो तो सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक. हे पत्ते अपुरे आणि महाग. म्हणून देवगड-वेंगुर्ल्याकडचा छोटा पुरवठादार एकाच पत्त्यामागे अनेक घरे जोडतो; यालाच सीजीनॅट म्हणतात. एका पत्त्याचे ६५,५३६ पोर्ट ६४ घरांत वाटले, तर घरटी १,०२४ येतात. नोटिशीत पोर्ट लिहिलेला नसेल, तर संशयित ६४ घरे! वेळेचाही असाच घोळ होतो. समजा नोटिशीत २०.३० ही यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ असते, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे २.००. साडेपाच तासांचा फरक लक्षात आला नाही, तर मधल्या काळात तेच पोर्ट ज्याच्याकडे गेले, तो निरपराध माणूस अडकतो.

बरे, घर सापडले तरी माणूस सापडत नाही. गणपतीत एका राउटरवर चाकरमान्यांचे वीस मोबाइल असतात. तारकर्लीच्या होमस्टेत पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला. जोडणी मात्र यजमानाच्या नावावर.

संकेतस्थळ रोखण्याचे आदेश आम्ही पाळतो. २०१२मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने गाण्यांची १०४ स्थळे रोखायला सांगितली होती. आता बहुतेक स्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर आहेत. आम्हाला सहसा डोमेन, म्हणजे स्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. त्यामुळे एका गाण्याची लिंक रोखायला सांगितली, तर आख्खे स्थळ बंद करावे लागते. आयपी रोखला, तर त्याच सर्व्हरवरची भलतीच स्थळेही जातात.

म्हणून मागणी एवढीच: सार्वजनिक आयपी, सोर्स पोर्ट (ग्राहकाच्या बाजूचा पोर्ट) आणि सेकंदापर्यंतची भारतीय वेळ नसलेली नोटीस ग्राह्य धरू नये. ग्राहकाचे नाव न्यायालयाच्या आदेशाशिवाय मागू नये. रोखायचे ते डोमेन नावानिशी आणि मुदतीसह कळवावे.

आणि ज्यांची गाणी खरोखर चोरली जातात, त्या आमच्या भजनी बुवांना, दशावतारी मंडळांना कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(सी) मराठीत समजावून द्यावे. गाणे साठवणाऱ्या स्थळाकडे लेखी तक्रार गेली, की ३६ तासांत ते हटवावे लागते. त्यानंतर २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर स्थळ ते गाणे पुन्हा ठेवू शकते. ही मुदत बहुतेकांना माहीतच नसते. तक्रारीचा मराठी नमुना प्रत्येक तहसील कार्यालयात मिळावा.

आपले,
कोकण किनारपट्टीवरील छोटे इंटरनेट पुरवठादार